जुन्या लॅपटॉपवर ड्युअल बूट: १०० जीबी मोकळे आहेत, तरी इन्स्टॉलर म्हणतो 'अनयुजेबल'

तिरफळ (धागाकर्ती) | १० जाने, रात्री ९:४२

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतेय. जाणकारांनी मदत करावी.

लॅपटॉप जुना आहे. घेतला तेव्हा विंडोज ७ होतं, पुढे त्यावरच १० चढवलं. ८ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि या मशीनला टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) नाही, त्यामुळे ११ चढत नाही. म्हणून ठरवलं की नेट, मेल, बँक हे सगळं लिनक्स मिंट या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर करायचं आणि विंडोज फक्त धंद्यापुरतं, नेट न जोडता ठेवायचं. एकाच मशीनवर दोन्ही, म्हणजे ड्युअल बूट. धंदा डीटीपीचा. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतींचे अहवाल, गणपतीत वर्गणीच्या पावत्या. पेजमेकर आणि श्रीलिपीची डोंगलवाली (परवान्याची कळ मशीनला लावली तरच चालणारी) जुनी आवृत्ती. वर्षानुवर्षांच्या फायली त्यात अडकल्यात, तेव्हा 'विंडोज उडवा' हा सल्ला कृपया नको.

डी ड्राइव्ह श्रिंक करून १०० जीबी मोकळे केले. मिंटचा पेन ड्राइव्ह लावला, चालला. इन्स्टॉल करायला गेले तर 'विंडोजच्या शेजारी इन्स्टॉल करा' हा पर्यायच नाही. एकतर 'इरेज डिस्क', नाहीतर 'समथिंग एल्स'. दुसऱ्यात गेले तर ते १०० जीबी 'अनयुजेबल' म्हणून दाखवतोय आणि अधिकचं बटण दाबताच येत नाही.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये डावीकडून उजवीकडे असं दिसतं:

सिस्टिम रिझर्व्हड, १०० एमबी, प्रायमरी, अ‍ॅक्टिव्ह
सी, १५० जीबी, प्रायमरी
डी, १९८ जीबी, प्रायमरी
अनअलोकेटेड, १०० जीबी
नाव नाही, नुसतं रिकव्हरी, १७ जीबी, प्रायमरी

इथल्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणे डिस्कमध्ये फॉल्ट असणार, पूर्ण फॉरमॅट मारू. खरंच डिस्क गेली का?

आगाऊ कार्टं | १० जाने, रात्री १०:०५

डिस्क बिस्क काही गेली नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या काळ्या पट्टीवर राइट क्लिक, न्यू सिंपल व्हॉल्यूम, नेक्स्ट नेक्स्ट फिनिश. मग मिंटमध्ये तीच पार्टिशन निवडा. हाकानाका.

तिरफळ | १० जाने, रात्री १०:३१

@आगाऊ कार्टं, तसंच करत होते. फिनिश दाबल्यावर विचारतोय की ही क्रिया केल्यास बेसिक डिस्कचं रूपांतर डायनॅमिक डिस्कमध्ये होईल, आणि सध्याचं बूट व्हॉल्यूम सोडून बाकी कुठल्याही व्हॉल्यूमवरून ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करता येणार नाही. येस दाबू का? खिडकी तशीच उघडी ठेवलीये.

जुना खोका | १० जाने, रात्री १०:३४

ताई, नो दाबा. आधी नो दाबा, मग पुढचं वाचा.

जुना खोका | १० जाने, रात्री ११:१०

आता सविस्तर.

तुमची डिस्क एमबीआर पद्धतीने आखलेली आहे, म्हणजे पार्टिशनची (डिस्कच्या भागांची) नोंद ठेवायची जुनी रीत. अगदी पहिला सेक्टर ५१२ बाइटचा. त्यात ४४६ बाइट बूट कोड, ६४ बाइट पार्टिशनचा तक्ता आणि शेवटचे २ बाइट सही. एका पार्टिशनची नोंद १६ बाइटची. ६४ भागिले १६ म्हणजे चार. पाचव्या नोंदीला तिथे जागाच नाही. डिस्कवर शंभर जीबी रिकामे असोत नाहीतर हजार, तक्ता भरला की भरला. तुमचे चारही रकाने लॅपटॉप कंपनीने आणि विंडोजने मिळून भरून टाकलेत. इन्स्टॉलर 'अनयुजेबल' म्हणतो तो एवढ्याचसाठी. डिस्कचा दोष नाही आणि मिंटचाही नाही.

विंडोज ७ च्या जमान्यातल्या तयार लॅपटॉपमध्ये हा प्रकार सर्रास दिसतो. असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर सहसा दिसत नाही. तिथे सी प्रायमरी करून डी, ई, एफ एक्सटेंडेडच्या (एकाच रकान्यात अनेक पार्टिशन मावणारा डबा) आत टाकायची पद्धत होती.

आता ती डायनॅमिकची भानगड. चार प्रायमरी असताना पाचवं मागितलं की विंडोज नाही म्हणत नाही. ते सगळी डिस्कच स्वतःच्या खाजगी पद्धतीत बदलून टाकतं, आणि खरा हिशेब डिस्कच्या शेवटी एका छोट्या कोपऱ्यात लिहून ठेवतं. विंडोजला तो वाचता येतो. मिंटच्या इन्स्टॉलरला मात्र अशा डिस्कवर काही करता येत नाही. परत बेसिक करायचं तर विंडोजचा अधिकृत रस्ता एकच, सगळी व्हॉल्यूम उडवा. तुम्ही खिडकी उघडी ठेवून विचारलंत ते बरं केलंत.

@आगाऊ कार्टं, जीपीटी (एमबीआरनंतरची नवी रीत) डिस्कवर तुमचा सल्ला निभावला असता. समोरच्याची डिस्क कुठल्या जातीची आहे ते विचारून मग 'हाकानाका' म्हणत जा.

खिडकीबाहेर | १० जाने, रात्री ११:४८

मी तर म्हणतो विंडोज उडवाच :) व्हर्च्युअल मशीनमध्ये टाका हवं तर.

तिरफळ | ११ जाने, सकाळी ७:१५

नो दाबलं. डिस्क अजून बेसिकच दाखवतेय. हुश्श.

@खिडकीबाहेर, डोंगल आहे हो. आणि ८ जीबी रॅमवर मिंटच्या पोटात विंडोज चालवून पत्रिका कधी हातावेगळी करू?

रात्रपाळी | ११ जाने, सकाळी ७:४०

खोकाकाकांनी निदान केलंय, मी औषधाचं बघतो. रस्ते तीन.

एक, कुठलं तरी प्रायमरी घालवून तो रकाना मोकळा करायचा. त्या रकान्यात एक्सटेंडेड बसवायचं आणि त्याच्या आत लॉजिकल पार्टिशन हवी तेवढी. लिनक्सला लॉजिकलवर बसायला काहीच अडचण नसते.

दोन, डी चा सगळा माल बाहेरच्या डिस्कवर काढून डी उडवायची आणि एक्सटेंडेडच्या आत पुन्हा बनवायची. चालतं, पण उगीच हमाली.

तीन, डिस्क जीपीटी करायची. विंडोज १० मध्ये त्यासाठी एमबीआर२जीपीटी नावाचं हत्यार आहे, आवृत्ती १७०३ पासून आत येतं. पण त्याला जास्तीत जास्त तीनच प्रायमरी चालतात आणि एक्सटेंडेड एकही नको. शिवाय रूपांतर झाल्यावर मशीन यूईएफआय या नव्या पद्धतीने बूट व्हावं लागतं. विंडोज ७ घेऊन आलेल्या लॅपटॉपमध्ये ते धड असेल याची खात्री मी देणार नाही. हा नाद नको.

म्हणजे पहिलाच. बळी कोणाचा? त्या १७ जीबी रिकव्हरीचा. त्यातून लॅपटॉप 'नवा' केला तर काय मिळणार, विंडोज ७ आणि सोबत कंपनीची जाहिरातबाजी. आणि ती तुमच्या मोकळ्या १०० जीबीला चिकटूनच आहे, म्हणजे दोन्ही मिळून सलग ११७ जीबी मिळतात. यापेक्षा सोयीचं काय हवं.

पण घाई नको. आधी दोन गोष्टी तपासा. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरांत.)

कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि 'रीएजंटसी /इन्फो' द्या. विंडोज १० ची स्वतःची दुरुस्तीची सोय कुठल्या पार्टिशनवर आहे ते त्यात दिसतं. ओळीच्या मध्यभागी 'हार्डडिस्क०' आणि पुढे 'पार्टिशन'चा आकडा असेल. तो आकडा ४ असेल तर थांबायचं, आधी 'रीएजंटसी /डिसेबल' करायचं.

दुसरं, 'अ‍ॅक्टिव्ह' हा शब्द १०० एमबीवालीपुढे आहे की रिकव्हरीपुढे? तुम्ही दिलेल्या यादीत १०० एमबीपुढे आहे. तेवढं पुन्हा डोळ्यांनी बघून घ्या.

भाऊचा धक्का | ११ जाने, सकाळी १०:२०

रिपेअरचं काम करतो, म्हणून एक भर. पार्टिशन हलवण्याआधी डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो टाका, फुकट आहे. त्यात 'रीअलोकेटेड सेक्टर्स' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या दोन ओळी महत्त्वाच्या. तिथे शून्य असेल तर पुढे जा. पिवळं 'कॉशन' दिसलं तर पार्टिशनचा विषय बंद, आधी माल बाहेर काढायचा आणि नवी डिस्क.

आमच्याकडे 'लिनक्स टाकताना डिस्क उडाली' म्हणून जे येतात, त्यातल्या बऱ्याच डिस्का आधीच घरघर लागलेल्या असतात. जुन्या फिरत्या डिस्कवर तासभर सलग वाचन-लेखन झालं की ती मान टाकते, आणि नाव लिनक्सचं.

दुसरं, लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर ती काढून त्या जागी कॅडीत एसएसडी बसते. दोन सिस्टिम दोन डिस्कवर, भांडणच नाही. फक्त कॅडी घेताना जाडी बघा, ९.५ एमएम आणि १२.७ एमएम अशा दोन येतात, चुकीची आणली तर बसत नाही.

मोरपिशी | ११ जाने, सकाळी ११:०२

धागा थोडा हायजॅक करतेय, सॉरी. माझा उलट प्रॉब्लेम आहे. नवा लॅपटॉप, विंडोज ११, एकच एनव्हीएमई एसएसडी. कॉलेजमध्ये उबुंटू (हेही लिनक्सच) लागतं. इन्स्टॉलरमध्ये डिस्कच दिसत नाही, फक्त माझा पेन ड्राइव्ह दिसतो. यूट्यूबवर एकाने सांगितलं बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) जाऊन व्हीएमडी बंद कर. केलं, तर विंडोज निळा स्क्रीन देतं, 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. परत चालू केलं तर विंडोज येतं. आता काय करू?

रात्रपाळी | ११ जाने, दुपारी १२:१५

परत चालू केलंस हे शहाणपण. आता बायोसला हात लावू नकोस, आधी हे वाच.

इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क थेट दिसत नाही, मध्ये इंटेलचा आरएसटी किंवा व्हीएमडी नावाचा मध्यस्थ असतो. विंडोज त्याच्याच ड्रायव्हरवर बूट व्हायला शिकलेलं असतं. मध्यस्थ काढला की इन्स्टॉलरला डिस्क दिसते, पण विंडोजला आपलं घर सापडत नाही. निळा स्क्रीन तो. डेटा जागेवरच असतो.

विंडोजला आधी सांगून मग मध्यस्थ काढायचा. पण त्याच्याही आधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) बघ. अ‍ॅडमिन प्रॉम्प्टमध्ये 'मॅनेज-बीडीई -स्टेटस'. नवीन विंडोज ११ मध्ये, विशेषतः २४एच२ पासून, मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटअप केलं तर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होऊन बसतं, होम आवृत्तीतसुद्धा. अनेकांना पत्ताच नसतो. अशा वेळी बायोसमध्ये काही बदललं की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर डेटाला रामराम. तुझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून रिकव्हरी कीचं पान उघड, ती की कागदावर उतरव. फोटो फोनमध्ये ठेव हवं तर, त्याच लॅपटॉपमध्ये मात्र नको.

मग सेटिंग्जमधून डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद कर. ते उलगडायला वेळ लागतो, चार्जर लावून ठेव. नुसतं 'सस्पेंड' केलं तर बायोस बदलण्यापुरतं भागतं, पण उबुंटूचा इन्स्टॉलर बिटलॉकर दिसला की पार्टिशन आखायच्या आधीच अडतो.

ते पूर्ण झालं की:

'बीसीडीएडिट /सेट सेफबूट मिनिमल' दे. रीस्टार्ट, थेट बायोसमध्ये जा, व्हीएमडी बंद कर किंवा आरएसटीचं एएचसीआय (मध्यस्थाशिवायची साधी पद्धत) कर, सेव्ह कर. विंडोज सेफ मोडमध्ये उठेल आणि साधा ड्रायव्हर स्वतः चढवेल. मग 'बीसीडीएडिट /डिलीटव्हॅल्यू सेफबूट' दे आणि रीस्टार्ट. झालं.

एक अडथळा येतो: सेफ मोडमध्ये पुष्कळदा पिन चालत नाही, खात्याचा पासवर्डच लागतो. तो आठवत नसेल तर आजच नीट करून घे.

मोरपिशी | ११ जाने, दुपारी १२:४०

बापरे. एन्क्रिप्शन 'ऑन' आहे! मी कधीच चालू केलं नव्हतं. की शोधते.

जुना खोका | ११ जाने, दुपारी १:०५

हे कोणी सांगत नाही बघा. व्हिडिओवाले थेट बायोसपासून सुरुवात करतात.

तिरफळ | ११ जाने, संध्या. ६:५०

अहवाल सादर.

क्रिस्टलडिस्कइन्फो 'गुड' म्हणतंय, त्या दोन्ही ओळींत शून्य. अ‍ॅक्टिव्ह १०० एमबीवालीच आहे. रीएजंटसीमध्ये 'पार्टिशन२' आलं. म्हणजे सी ना? मग रिकव्हरी उडवायला मोकळी?

डी वरचं सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी झालंय. सी मधले श्रीलिपीचे फोल्डर आणि फाँटही.

पण रिकव्हरीवर राइट क्लिक केलं तर मेन्यूत फक्त 'हेल्प' येतं. डिलीट नाहीच.

रात्रपाळी | ११ जाने, संध्या. ७:२०

हो, दोन म्हणजे सी. रिकव्हरी घालवायला हरकत नाही.

विंडोज असल्या पार्टिशनना हात लावू देत नाही. डिस्कपार्टमधून 'डिलीट पार्टिशन ओव्हरराइड'ने जातं, पण तिथे पार्टिशनचा आकडा चुकला तर विचारायला कोणी येत नाही. त्यापेक्षा मिंटचा पेन ड्राइव्ह लावा आणि त्यातल्या जीपार्टेडमध्ये करा. चित्र समोर असतं आणि 'अप्लाय' दाबेपर्यंत डिस्कवर काही लिहिलं जात नाही.

जीपार्टेडमध्ये एसडीए१, एसडीए२, एसडीए३, एसडीए४ असं दिसेल (एसडीए म्हणजे तुमची डिस्क, आकडा पार्टिशनचा). चौथी म्हणजे शेवटची, १७ जीबीच्या आसपास. आकारावरून ओळखा, नुसत्या आकड्यावर जाऊ नका. पार्टिशनपुढे कुलूप दिसलं तर ती माउंट झालेली आहे, राइट क्लिक करून अनमाउंट. डिलीट केली की मोकळी जागा ११७ दिसेल. तेवढ्या सगळ्या जागेत 'एक्सटेंडेड' बनवा. त्याच्या आत एक लॉजिकल, ईएक्सटी४, हवं तर सगळी जागा एकालाच द्या. वेगळं स्वॅप पार्टिशन नको, मिंट स्वॅप फाइल वापरतं. मग अप्लाय.

लॉजिकलचा आकडा एसडीए५ येईल. लिनक्समध्ये लॉजिकल नेहमी पाचापासूनच मोजतात, चौथं हे एक्सटेंडेड. दचकू नका.

हे करायच्या आधी मात्र पहिला सेक्टर वाचवून ठेवा. टर्मिनलमध्ये डीडी कमांडने, इनपुट एसडीए, आउटपुट दुसऱ्या पेन ड्राइव्हवरची फाइल, बीएस=५१२, काउंट=१. इनपुट कुठलं नि आउटपुट कुठलं ते एंटर दाबण्याआधी बोट ठेवून वाचा. एसडीए जर आउटपुटमध्ये गेली तर खेळ खलास.

जुना खोका | ११ जाने, संध्या. ७:४५

रात्रपाळींच्या शेवटच्या परिच्छेदाला एक शेपूट. ती ५१२ बाइटची फाइल पुढे कधी परत टाकायची वेळ आली तर सगळी टाकायची नाही. जुना तक्ताही त्यातून परत येतो आणि नवी पार्टिशन गायब होतात. फक्त पहिले ४४६ बाइट परत टाकायचे. विंडोजचा बूट कोड तेवढ्यातच आहे.

आगाऊ कार्टं | ११ जाने, रात्री ८:३०

वाचतोय. वाचनखूण साठवली. बाकी ४४६ चं गणित आज कळलं.

तिरफळ | १२ जाने, सकाळी ८:०५

रात्री झोपच आली नाही म्हणून पहाटे उठून केलं. जीपार्टेडमध्ये सगळं म्हणालात तसं. 'समथिंग एल्स'मध्ये आता एसडीए५ दिसतेय, तिला ईएक्सटी४ आणि माउंट पॉइंट तिरपी रेघ दिलं.

खाली 'बूट लोडर कुठे टाकायचा' विचारतंय. यादीत एसडीए, एसडीए१, एसडीए२... असं सगळं आहे. कुठे टाकू? इथे अडून बसलेय, चहा घेतेय.

जुना खोका | १२ जाने, सकाळी ८:१८

नुसतं एसडीए. आकडा न लावता. तुमचं मशीन जुन्या पद्धतीने बूट होतं, तेव्हा ग्रबचा (मिंटचा बूट लोडर) पहिला तुकडा त्या ४४६ बाइटमध्ये जातो आणि उरलेला पहिल्या पार्टिशनच्या अलीकडच्या रिकाम्या पट्ट्यात. एसडीए१ ला टाकलात तर विंडोजच्या बूट पार्टिशनवरच लिहिलं जाईल.

पेन ड्राइव्ह कदाचित एसडीबी म्हणून दिसेल. तो निवडला तर पेन ड्राइव्ह काढल्यावर मशीन उठणार नाही.

तिरफळ | १२ जाने, सकाळी ९:३०

झालं!! काळ्या स्क्रीनवर मेन्यू आला, मिंटही आहे आणि शेवटी विंडोज १० ही आहे. दोन्ही उघडून बघितली. पेजमेकर चालू, डोंगल ओळखतंय. खोकाकाका, रात्रपाळी, साष्टांग नमस्कार.

मराठी टायपिंग मिंटमध्ये इनस्क्रिप्टने लगेच सुरू झालं, हा मजकूर तिथूनच लिहितेय.

खिडकीबाहेर | १२ जाने, सकाळी ९:५५

अभिनंदन! आता हळूहळू विंडोज...

तिरफळ | १२ जाने, सकाळी १०:०२

नाही :)

तिरफळ | १३ जाने, संध्या. ५:१०

दोन नव्या तक्रारी.

मिंटमधून डी ड्राइव्ह उघडते, फायली वाचता येतात, पण काही सेव्ह करायला गेलं की 'रीड-ओन्ली' म्हणतं. गिऱ्हाइकाने मेलवर पाठवलेला मजकूर मिंटमध्ये उतरवून डी वर टाकायचा आणि विंडोजमध्ये उचलायचा, एवढंच हवंय.

आणि विंडोजमधलं घड्याळ मागे पडलंय. नीट करते, मिंटमध्ये जाऊन परत आलं की पुन्हा मागे. बॅटरी गेली का?

रात्रपाळी | १३ जाने, संध्या. ५:३५

डी चं कारण फास्ट स्टार्टअप. विंडोज १० 'शट डाउन' केलं तरी पुरतं बंद होत नाही, अर्धं झोपतं. पुढच्या वेळी झटकन उठता यावं म्हणून कर्नलची अवस्था हायबरनेट फाइलमध्ये लिहून ठेवतं, आणि एनटीएफएस ड्राइव्ह उघड्या टाकून जातं. लिनक्सला ते दिसतं, म्हणून ते वाचू देतं पण लिहू देत नाही. हे तुमच्या भल्याचं आहे. नेटवर जबरदस्तीने माउंट करायच्या युक्त्या मिळतील, नका करू. विंडोज अर्धवट झोपेत असताना मागून फायली बदलल्या तर ते उठल्यावर जुन्या आठवणीवर विसंबून लिहितं आणि फाइल सिस्टिमचा चुथडा होतो.

कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', वर निळ्या अक्षरातली ओळ दाबून खालची 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची खूण काढा. मग एकदा पूर्ण बंद करून मिंटमध्ये या. तरी रीड-ओन्लीच राहिलं तर विंडोजमध्ये डी वर 'सीएचकेडीएसके /एफ' चालवा.

तोवर हातघाईचा उपाय: शट डाउनऐवजी रीस्टार्ट द्या. रीस्टार्टला विंडोज खरोखर बंद होतं.

जुना खोका | १३ जाने, संध्या. ६:००

घड्याळाचं मी सांगतो. किती मागे? साडेपाच तास असेल तर बॅटरी ठणठणीत आहे.

मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ लिहितं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं. विंडोजला वाटतं की घड्याळात आहे तीच भारतीय वेळ, ते तसंच दाखवतं. नेट असतं तर विंडोजने परस्पर दुरुस्त करून घेतलं असतं, तुमचं मुद्दाम तोडलेलं आहे.

मिंटच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' द्या, पुढे सुडो लावून. म्हणजे मिंटही घड्याळात भारतीय वेळच ठेवेल. ही कमांड दिली की सिस्टिम कुरकुर करते, की डेलाइट सेव्हिंगच्या वेळी घोळ होईल वगैरे. आपल्याकडे घड्याळ पुढे-मागे करत नाहीत, तेव्हा सोडून द्या.

खिडकीबाहेर | १३ जाने, संध्या. ६:४०

अमेरिकेतल्या मंडळींनी मात्र खोकाकाकांची युक्ती वापरू नये. इथे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळ बदलतं आणि दोन्ही सिस्टिम आपापल्या परीने तास बदलून ठेवतात. मी विंडोजच्या रजिस्ट्रीत 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' नावाची नोंद १ करून विंडोजलाच यूटीसी वाचायला लावलंय.

तिरफळ | १३ जाने, रात्री ९:१५

बरोब्बर साडेपाच तास! दोन्ही सुटलं. डी वर फाइल सेव्ह झाली. कालच्या पावतीवर पहाटेची वेळ छापली गेली होती, गिऱ्हाईक विचारत होतं की ताई तुम्ही झोपता कधी.

मोरपिशी | १४ जाने, दुपारी ३:२०

माझंही झालं! की दुसऱ्याच मेल आयडीच्या खात्यात होती, बाबांच्या. दुकानात सेटअप करताना त्यांचा आयडी टाकला होता. एन्क्रिप्शन काढायला बराच वेळ गेला, पण सेफ मोडची युक्ती पहिल्या फटक्यात चालली. उबुंटूला डिस्क दिसली.

पण आता श्रिंक अडतंय. सी मध्ये जवळजवळ ३०० जीबी रिकामे आहेत आणि विंडोज म्हणतं फक्त ४० जीबी कमी करता येतील.

रात्रपाळी | १४ जाने, दुपारी ३:५०

रिकामी जागा सलग नसते. पेज फाइल, हायबरनेट फाइल, सिस्टिम रिस्टोअरचे तुकडे असल्या फायली विंडोज चालू असताना हलवता येत नाहीत. त्यातली एखादी मध्येच कुठेतरी ठाण मांडून बसली की श्रिंक तिथवरच.

'पॉवरसीएफजी /एच ऑफ' दे, यात फास्ट स्टार्टअपही जातं, एका दगडात दोन पक्षी. सिस्टिम प्रोटेक्शन सी साठी बंद. व्हर्च्युअल मेमरी 'नो पेजिंग फाइल'. रीस्टार्ट. आता श्रिंक करून बघ, आकडा बहुतेक वाढेल. झालं की पेजिंग फाइल आणि प्रोटेक्शन परत चालू कर, हे विसरायचं नाही.

विंडोजची पार्टिशन विंडोजमधूनच लहान कर, जीपार्टेडमधून नको. आणि १०० एमबीची 'ईएफआय' पार्टिशन दिसेल, तिला फॉरमॅटची खूण अजिबात लावू नकोस. उबुंटू आपलं फोल्डर तिच्यातच विंडोजच्या शेजारी ठेवतं.

भाऊचा धक्का | १४ जाने, संध्या. ७:०५

दोघींनाही पुढची सूचना, कारण हे गिऱ्हाईक महिन्याला एक तरी येतं. उद्या लिनक्स नकोसं झालं तर विंडोजमधून सरळ ती पार्टिशन डिलीट करायची नाही.

तिरफळताईंच्या मशीनवर तसं केलं की पुढच्या वेळी 'नो सच पार्टिशन' आणि 'ग्रब रेस्क्यू' एवढंच येईल. ग्रबचा पहिला तुकडा सुरुवातीला, बाकीचं उडवलेल्या पार्टिशनवर. आधी विंडोज १० च्या पेन ड्राइव्हवरून बूट करून रिपेअर, कमांड प्रॉम्प्ट, 'बूटरेक /फिक्सएमबीआर'. विंडोज थेट उठतंय हे बघायचं, मग पार्टिशनला हात.

मोरपिशीच्या मशीनवर एवढा प्रसंग नाही. बायोसच्या बूट यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' वर आणला की काम होतं, मागे राहिलेलं उबुंटूचं फोल्डर नंतर निवांत काढता येतं.

आणि मेन्यूत विंडोज दिसेनासं झालं तर घाबरून रीइन्स्टॉल करू नका. ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळात बंद ठेवलेला असतो. ग्रबच्या डीफॉल्ट फायलीत 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर' पुढे 'फॉल्स' लिहायचं आणि 'अपडेट-ग्रब' द्यायचं.

मोरपिशी | १४ जाने, रात्री ८:१०

१८० जीबी मिळाले! उद्या बाकीचं करते. ईएफआयला हात नाही लावणार, आईशप्पथ.

जुना खोका | १४ जाने, रात्री ८:२५

उद्या उबुंटूचा पेन ड्राइव्ह बूट मेन्यूतून निवडताना त्याच्या नावापुढे 'यूईएफआय' असलेली नोंद निवड. एकाच पेन ड्राइव्हची कधीकधी दोनदा नोंद दिसते.